नेव्हाच्या वाट्याचे अक्रोड

२ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

दैनंदिनी लिहावी ही सूचना नेव्हाची. काल जेवताना ती म्हणाली, "वेंडेल, तू माझ्याशी बोलत नाहीस, अहवाल सादर करतोस. सकाळी काय खाल्लं, किती खाल्लं, गिळताना दुखलं का. हे सगळं एखाद्या वहीला सांग, आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मार."

सूचना रास्त आहे, म्हणून आजपासून अंमलात आणत आहे.

परिस्थिती अशी. नेव्हाचे उपचार ऑगस्टमध्ये संपले. स्प्रिंगफील्डच्या डॉक्टरांच्या मते आजार गेला आहे. परंतु जाताना तो तिच्या जिभेची चव घेऊन गेला. मांस खाल्ले तर ओला पुठ्ठा चावल्यासारखे वाटते, दुधाला गंजलेल्या खिळ्याची चव येते, आणि बाकीच्या पदार्थांना काहीच चव नसते. ज्याला चव नाही ते ती गिळू शकत नाही. १ डिसेंबरला पुढची तपासणी आहे. तोपर्यंत वजन वाढले नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, असे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. नेव्हा त्यांना म्हणाली, "मी ट्रॅक्टर आहे का, नळी लावून टाकी भरायला?" डॉक्टर हसले. मला हसता आले नाही.

आज सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. शेडमागच्या तीन अक्रोडाच्या झाडांकडे पाहत म्हणाली, "काळ्या अक्रोडाची चव मात्र मला लागेल. ती मेलेल्यालाही लागेल."

हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवले आहे.

मला स्वतःला हा अक्रोड कधीच आवडला नाही. त्याला बंद कपाटाचा वास येतो. वेचणे, सोलणे, वाळवणे, फोडणे, हे सगळे लग्नापासून नेव्हाच करत आली. धान्य सहकारी संस्थेत हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने हात काळे करून कसे चालेल, या सबबीवर मी दूर राहत असे. यंदा ती वाकू शकत नाही, तेव्हा काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. कामाला पद्धत असली की काम होते, यावर माझा विश्वास आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेजारचा ड्वेन टॅकेट मदतीला आला. विजेच्या खांबांवर चढण्यात त्याचे आयुष्य गेले. आता निवृत्त आहे आणि दिवसभर लोकांच्या कामात लक्ष घालतो. मी रबरी हातमोजे आणि जुनी पावसाळी टोपी घालून झाडाखाली उभा होतो. तो कुंपणावरूनच म्हणाला, "अक्रोड वेचायला निघालायस की गाईचं बाळंतपण करायला?"

टोपीचे कारण त्याला लगेच कळले. वरून सालीसकट अक्रोडाचा हिरवा गोळा थेट त्याच्या खांद्यावर पडला.

दुपारपर्यंत पोती भरली. मग सोलण्यावरून आमचा मतभेद झाला. या भागात सगळे लोक अक्रोड वाटेवर पसरतात आणि त्यावरून गाडी पुढे-मागे फिरवतात; हिरवी साल चेंगरून निघते. मला हे मान्य नाही. चाकाचा दाब सारखा पडत नाही, काही कवचे तडकतात, आणि सालीचा चिखल सगळीकडे होतो. मी जाड फळीला गोल भोक पाडून घेतले आहे. अक्रोड भोकावर ठेवायचा, वरून हातोडी मारायची. साल वर राहते, अक्रोड खाली बादलीत पडतो.

ड्वेनने फळी उचलली आणि भोकातून माझ्याकडे पाहिले. "एकेक करून?"

"एकेक करून."

"नेव्हाचे वडील गाडी फिरवायचे. माझा बाप गाडी फिरवायचा. आपले पाद्रीबुवासुद्धा प्रार्थना संपवून गाडीच फिरवतात. आणि तू दार ठोठावून एकेकाला बाहेर बोलावणार."

"हे अक्रोड नेव्हासाठी आहेत," मी म्हणालो.

त्याने फळी खाली ठेवली. मग तो पोती शेडमध्ये रचू लागला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काम संथ आहे. संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर उजेड असेपर्यंत जेवढे होतात तेवढेच होतात. हातमोजे दुसऱ्याच दिवशी फाटले, आणि सालीचा रस कातडीत असा भिनला आहे की साबण, लिंबू, रॉकेल, कशानेही जात नाही. कार्यालयात मी कागद कोपऱ्याला धरून उचलतो.

संस्थेच्या खिडकीशी जो येतो तो माझ्या हातांकडे पाहतो आणि त्याचा चेहरा उजळतो. "म्हणजे नेव्हाचे अक्रोड यंदाही आहेत. फोडायला कधी यायचं?" दरवर्षी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी लोक आपापली हातोडी घेऊन आमच्याकडे येतात, सगळे मिळून फोडतात, आणि जाताना प्रत्येकजण गराची एक बरणी नेतो. ही नेव्हाची प्रथा. मी आजवर त्या संध्याकाळी शेडमध्ये काहीतरी दुरुस्त करत असे.

कोणालाही नक्की उत्तर दिले नाही. यंदा बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. गर फार थोडा निघतो, आणि त्याची गरज कोणाला आहे हे उघड आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

समाधानाची गोष्ट. नेव्हाचे ताट या आठवड्यात बहुतेक दिवशी स्वच्छ झाले. आजही मी तिच्यासाठी मीठ आणायला उठलो, परत येईतो उकडलेले बटाटे आणि कोंबडीचा तुकडा संपलेला होता. मी कौतुक केले. ती म्हणाली, "तू फार हळू चालतोस."

वजनकाटा मात्र जागचा हलत नाही. काट्यात दोष असावा. नवा आणायचा आहे.

डेप्युटी, म्हणजे आमचा म्हातारा शिकारी कुत्रा, या थंडीत सुस्तावला आहे. दिवसभर नेव्हाच्या खुर्चीखाली पडून असतो. वयोमानाने असे होते. त्याचे खाणे थोडे कमी केले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सोललेले अक्रोड बादलीत धुतले. पाण्यावर तरंगतो तो पोकळ किंवा किडका; तो फेकायचा. बुडतो तो ठेवायचा. इतकी स्वच्छ कसोटी माणसांना लावता आली असती तर संस्थेची थकबाकी कधीच उरली नसती.

धुण्याचे काळे पाणी मी गवतावर ओतले. थोड्याच वेळात जमिनीतून गांडुळे वर येऊ लागली. दहा-वीस नव्हे, सगळी जमीनच वळवळू लागली. मी बादली हातात घेऊन स्तब्ध उभा. नेव्हा व्हरांड्यात शाल पांघरून बसली होती. ती म्हणाली, "वेंडेल, ड्वेनला हाक मार. सांग, मासे पकडायचं आमिष घरपोच आलंय."

ड्वेन डबा घेऊन धावत आला. गुडघ्यांवर बसून वेचता वेचता म्हणाला, "इतकी वर्षं बायकोला सांगतोय की हिशेबनीस माणूस कधीतरी उपयोगी पडतो."

नेव्हा हसली. नुसती हसली नाही, खोकला येईतो हसली. उपचार सुरू झाल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. अक्रोड जाळीच्या चौकटींवर पसरून माळ्यावर नेऊन ठेवले. आता चार-पाच आठवडे नुसते थांबायचे. नेव्हा म्हणते, घाईने, उष्णतेने वाळवले तर गर खवट होतो. वारा लागू द्यायचा आणि विसरून जायचे. विसरून जाणे मला कठीण जाईल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज एक चूक उघडकीस आली, आणि ती सर्वस्वी माझी आहे.

शेडमध्ये रचलेल्या पोत्यांपैकी मागच्या रांगेतली पोती अजून तशीच होती. फळीच्या भोकातून एकेक अक्रोड काढण्याच्या माझ्या पद्धतीत त्यांची पाळीच आली नव्हती. पोते उघडले तर हिरव्या गोळ्यांचा काळा चिकट लगदा झालेला, त्यात अळ्या. वास असा की डेप्युटीसुद्धा उठून बाहेर गेला.

ड्वेनने नाकाला रुमाल लावला आणि पिकअप सुरू केली. पोती वाटेवर ओतली, गाडी पुढे नेली, मागे आणली. माझ्या तीन आठवड्यांच्या कामाइतके काम एका सिगारेटीत झाले. त्याने तोंडातून एक अक्षर काढले नाही. बोलणी ऐकायची माझी तयारी होती. हे अधिक लागले.

एक अक्रोड फोडून पाहिला. साल वेळेवर काढली नाही तर तिचा रस कवचातून आत झिरपतो. पहिल्या अक्रोडांचा गर फिकट, लोण्याच्या रंगाचा असणार. यांचा गर चामड्यासारखा तपकिरी होता. जिभेला लावला आणि थुंकला. डांबर, औषध आणि जुने कपाट यांचे मिश्रण.

तरी बुडणारे तेवढे धुऊन वेगळ्या चौकटींवर ठेवले. वाया घालवणे माझ्या स्वभावात नाही. चौकटींना खडूने खुणा केल्या. पहिले ते 'अ', हे 'ब'. 'अ' नेव्हाचे. 'ब'चे काय करायचे ते ठरलेले नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर ओपल मावशी घरी आल्या. नेव्हाच्या आईची ही धाकटी बहीण. ऐंशी ओलांडली, कवळी फक्त चर्चला जाताना लावतात, आणि बोलण्यात कोणाची भीड ठेवत नाहीत. आल्या आल्या त्यांनी डेप्युटीकडे बोट दाखवले. "हा कुत्रा आहे की पिंप?"

"वय झालंय मावशी," मी म्हणालो. "मी त्याचं खाणं निम्म्यावर आणलंय."

"वय माझंही झालंय. मी नाही अशी फुगले." मग त्यांनी नेव्हाकडे बराच वेळ पाहिले. नेव्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

चहा झाल्यावर मावशींनी विषय काढला. "बावीस तारखेला यायचं ना फोडायला? माझी हातोडी शोधून ठेवते."

मी घसा साफ केला. या वर्षी नेव्हाला दगदग नको, उत्पन्न कमी आहे, आणि गर कोणाला द्यावा याचा प्राधान्यक्रम स्पष्ट आहे, असे मी समजावून सांगितले. बोलणे मुद्देसूद झाले असे मला वाटले.

नेव्हा म्हणाली, "मावशी, बावीसला या. सगळ्यांना सांगा."

"नेव्हा, ते अक्रोड तुझ्यासाठी आहेत."

"माझे आहेत ना? मग मी ठरवणार." तिचा आवाज चढला नव्हता. "वेंडेल, दोन महिने झाले, या घरात लोक दबक्या पावलांनी येतात, दारात डबा ठेवतात आणि पळतात. मला एकदा घरात हातोड्यांचा आवाज हवाय."

ओपल मावशी जाताना मला दारात म्हणाल्या, "तू चांगला माणूस आहेस, वेंडेल. थोडा कमी चांगला झालास तर जवळ बसता येईल." या वाक्याचा अर्थ मी अद्याप लावू शकलेलो नाही.

रात्री उपाय सुचला. पाहुण्यांपुढे 'ब' ठेवावेत. 'अ' माळ्यावरच राहतील. यात फसवणूक आहे का, याचा विचार केला. कोणी काही वचन मागितलेले नाही, मी दिलेले नाही. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या नाही. पण हे नेव्हाला सांगण्याची मला गरज वाटली नाही, आणि ज्या गोष्टी सांगण्याची गरज वाटत नाही त्या सहसा निर्दोष नसतात, हे मी इतरांचे हिशेब तपासताना शिकलो आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

माळ्याच्या झडपेतून खार आत आली होती. 'अ'च्या एका चौकटीचा कोपरा रिकामा केला. 'ब'ला तिने तोंडही लावलेले नाही. झडपेला जाळी ठोकली.

नवा वजनकाटाही तेच सांगतो जे जुना सांगत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिले 'अ' फोडले. काल पाण्यात भिजवून, आजपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. त्याने गर लवचीक होतो आणि चुरा होत नाही. नेव्हाच्या वडिलांकडून आलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा पायांत धरला, अक्रोड टोकावर उभा केला आणि एकच नेमका घाव घातला. काही गर अर्धे अखंड निघाले. फिकट, स्वच्छ, वाखाणण्याजोगे. सर्वांत देखणे तुकडे पांढऱ्या बशीत घालून नेव्हापुढे ठेवले.

तिने एक उचलला, उजेडाकडे धरून पाहिला. "इतका सुंदर मी कधी काढला नाही," म्हणाली. तोंडात घातला. सावकाश चावला. मी तिच्या जबड्याकडे पाहत होतो. ते तिला आवडत नाही हे माहीत असून पाहत होतो.

"छान आहे," ती म्हणाली.

"चव लागली?"

"हो."

मी दुसरा पुढे केला. तिने तो हातात धरला आणि मग बशीत परत ठेवला. "नाही लागली," ती म्हणाली. "पेन्सिलीचं लाकूड चावल्यासारखं वाटलं. वेंडेल, मला वाटलं होतं की निदान हा तरी..." 

मी बशी उचलून आत नेली. स्वयंपाकघरात उभा राहिलो. माझ्या हातांवरचा काळा रंग अजून गेलेला नाही. आज तो प्रथमच हास्यास्पद वाटला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ती नळी कशी असते याचे माहितीपत्रक दवाखान्यातून टपालाने आले. मी वाचले. नेव्हाने वाचले नाही. त्यावर कॉफीचा कप ठेवला.

बावीस तारीख रद्द करावी का, असे विचारले. म्हणाली, "का? अक्रोडांनी काय केलंय?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

माणसे संध्याकाळी जमली. व्हरांड्यात, दिवाणखान्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर. जो तो आपला विटेचा किंवा लोखंडाचा तुकडा आणि हातोडी घेऊन. ठाकठूक इतकी सुरू झाली की बोलायचे तर ओरडावे लागे, आणि सगळे ओरडत होते. मी ठरल्याप्रमाणे 'ब'ची टोपली मध्यभागी ठेवली होती. 'अ'ची पिशवी माळ्यावर होती, आणि फिकट गराची एक वाटी नेव्हाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीशेजारी. तिची चव एखाद वेळेस परत येईल, तेव्हा चांगला माल हाताशी असावा, हा हेतू.

पहिला घास ड्वेनने घेतला. त्याचे डोळे बारीक झाले. त्याने माझ्याकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले आणि शांतपणे पुढचा अक्रोड फोडायला घेतला. इतरांनीही तोंडे वाकडी केली, पण बोलले कोणी नाही. आजारी माणसाच्या घरचे आहे, नावे कशी ठेवणार. ओपल मावशींना मात्र असले बंधन नाही. त्यांनी कवळी सावरली आणि विचारले, "वेंडेल, हे अक्रोड आहेत की रस्ता करायचं डांबर?"

मी म्हणालो, "यंदाचा हंगाम जरा निराळा होता."

"हंगाम आमच्याकडेही तोच होता," ड्वेन टोपलीकडे बघत पुटपुटला.

नेव्हा कोपऱ्यात बसेल असा माझा समज होता. पण ती खुर्चीतून उठली, गर्दीत आली, जमिनीवर ओपल मावशींच्या शेजारी बसली आणि टोचणी मागून घेऊन त्यांच्यापुढच्या फोडलेल्या कवचांतून गर काढू लागली. तिचे हात आपोआप चालत होते. गप्पा ऐकत होती, हसत होती. आणि फोडणारा प्रत्येक माणूस जे करतो तेच तिनेही नकळत केले: एक तुकडा भांड्यात, एक तोंडात.

तिचा हात थांबला.

"हे कडू आहेत," ती म्हणाली.

ठाकठूक तिच्या आसपास थांबली, मग सगळीकडे थांबली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी उभा राहिलो आणि सर्वांसमोर सांगितले की दोष माझा आहे. मी पद्धतशीर सोलण्याच्या नादात पोती सडू दिली. चांगले अक्रोड माळ्यावर नेव्हासाठी राखून ठेवले आहेत आणि हे खराब पाहुण्यांपुढे मांडले. आणि याबद्दल मी प्रत्येकाची...

"वेंडेल, थांब," नेव्हा म्हणाली. "ऐक. कडू आहेत."

"तेच म्हणतोय. मी—"

"कडू आहेत. मला कळतंय." तिने दुसरा तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. "कडू. आणि मागून... मागून तेच येतंय. बाबांच्या कपाटातल्या कोटाच्या खिशातले अक्रोड." तिने तिसरा घेतला.

 मी जिथे उभा होतो तिथेच खाली बसलो. 

सर्वांत आधी हालचाल केली ओपल मावशींनी. त्यांनी आपल्यापुढचे भांडे उचलून नेव्हाच्या मांडीवर ठेवले. "घे बाई, तुझं तुला. तुझ्या नवऱ्यानं आमच्या माथी मारलं होतं."

ड्वेनने आपली वाटी तिच्याकडे सरकवली. "माझंही ने. मी मघापासून खिशात लपवत होतो, कुठे टाकावं कळत नव्हतं." मग एकेकजण उठला. बरण्या, डबे, कागदी पिशव्या, सगळ्यांनी आपापल्या वाट्याचा काळा गर तिच्याभोवती आणून ओतला. ती मधोमध बसून खात होती, रडत होती आणि तोंड वाकडे करत होती, तिन्ही एकदम.

"आणि आता ते माळ्यावरचं खाली आण," ओपल मावशी मला म्हणाल्या. "पाहुण्यांना काय द्यायचं ते कळतं का बघू."

मी 'अ'ची पिशवी आणली. ठाकठूक पुन्हा सुरू झाली. ड्वेनने मला हातोडी दिली आणि आपल्या शेजारी जागा केली. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण या संध्याकाळी मी प्रथमच शेडमध्ये नव्हतो. माझे घाव सर्वांपेक्षा नेमके पडत होते. हे पाहुण्यांपैकी दोघांनी मान्यही केले. जाताना प्रत्येकाने फिकट गराची बरणी नेली. मला वाईट वाटले नाही. हे नोंदवून ठेवतो, कारण मला वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नेव्हाने सकाळी लापशीत काळा गर कुटून घातला. दुपारी रताळ्यांवर. संध्याकाळी मक्याच्या पावात. माझ्या ताटातही घातला. मी खाल्ला. बंद कपाटाचा वास तसाच आहे, पण कपाट कोणाचे आहे हे आता माहीत आहे.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

ओपल मावशी आणि टॅकेट दाम्पत्य जेवायला. टर्की मी भाजली. थोडी कोरडी झाली. नेव्हाने माहेरच्या पद्धतीचा अक्रोडाचा केक केला, काळ्या गराचा. पाहुण्यांनी सभ्यपणे एकेक घास घेतला आणि पुष्कळ कॉफी प्यायली. नेव्हाने दोन तुकडे खाल्ले. मग टर्कीचा एक लचका तोंडात घालून विचारात पडली.

"पुठ्ठा?" मी विचारले.

"पुठ्ठाच. पण मीठ घातलेला पुठ्ठा," ती म्हणाली. "मीठ लागतंय, वेंडेल."

ओपल मावशींनी टेबलाखाली पाहिले आणि डेप्युटीला म्हणाल्या, "तुझे दिवस भरले रे बाबा." कुत्र्याच्या वयाबद्दल सणाच्या दिवशी असे बोलणे मला प्रशस्त वाटले नाही.

१ डिसेंबर, सोमवार

स्प्रिंगफील्डहून परतलो. वजन वाढले आहे. फार नाही, परंतु काटा दवाखान्याचा आहे आणि त्यावर मी आक्षेप घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी कार्ड पुन्हा पुन्हा पाहिले, काय खाता असे विचारले. नेव्हाने पर्समधून डबी काढून त्यांना एक तुकडा दिला. त्यांनी तो तोंडात टाकला, सभ्यपणे गिळला आणि पाण्याचा पेला मागवला. नळीचा विषय सध्या बंद. चव का आणि कशी परत येते याचे त्यांच्याकडेही पक्के उत्तर नाही. माझ्याकडे तर मुळीच नाही: माझ्या पद्धतीतून जे नीट झाले ते उपयोगी पडले नाही, आणि जे बिघडले ते पडले. यावरून पुढील हंगामासाठी कोणता नियम काढावा हे समजत नाही. नेव्हा म्हणते, नियम काढू नकोस, अर्धी पोती विसरून जा.

एक किरकोळ बाब. रात्री जेवताना डेप्युटी नेव्हाच्या खुर्चीशी बसून राहिला. मी मीठ आणायला उठलो, परत आलो तरी ती जेवतच होती. सगळे संपवून तिने ताट पावाच्या तुकड्याने पुसून खाल्ले. कुत्र्याने तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. तिने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. मग तो स्वयंपाकघरात गेला, आपले रिकामे भांडे दातांत धरून आणले आणि माझ्या पायाशी आपटले.

आठवडाभरात तो बराच वाळलाही आहे. कारण कळत नाही. नेव्हाला विचारले तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

उद्यापासून त्याचे खाणे पूर्ववत करावे.